चिंदी गोरी आली पाहिजे

आमच्या घरात स्वच्छतेवरून भांडणं होतात, पण ती कुणी साफ केलं नाही म्हणून नव्हे, मी साफ केलं म्हणून. मिक्सर मी खोलतो. शेगडीचे बर्नर टाचणीनं टोकरतो. पंखा उतरवून पुसतो आणि परत चढवला की एखादं वायसर हमखास उरतं. बायको ते काही न बोलता बिस्किटांच्या डब्यात टाकते. तिच्या हिशेबानं त्या डब्यात आता एक अख्खा पंखा जमलाय.

ही खोड लागली छावणीत. घर शहागंजात, कॉलेजात एनसीसी, आणि सी सर्टिफिकेटच्या नादात एका पलटणीबरोबर अटॅचमेंट कॅम्प. शहागंज ते छावणी सायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता, पण आईनं मी काशीला निघाल्यासारखा धपाट्यांचा डबा बांधून दिला. तोवर आम्ही पॉइंट टू-टू रायफलवर हात साफ केले होते. तिचा बोल्ट दर गोळीला आपणच मागं ओढायचा, आपणच पुढं ढकलायचा. कॅम्पात पहिल्यांदा एसएलआर हातात आली. सेल्फ लोडिंग रायफल, 7.62 मिलिमीटरची, इशापूरला बनलेली, 20 गोळ्यांचं मॅगझीन. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी रायफल स्वतःच भरून घेते. सुटलेल्या गोळीमागचा थोडा गॅस नळीच्या वरच्या भोकातून शिरतो, पिस्टनला मागं लोटतो, पिस्टन पुढचं सगळं बघतो. मला तर ती घरातल्या थोरल्या सुनेसारखी वाटली, न सांगता पुढच्या कामाला लागणारी. फक्त अशी वस्तू घाणही न सांगता करून घेते. प्रत्येक गोळीबरोबर पिस्टनवर काजळी बसते आणि ती पुरेशी साठली की सूनबाई मधेच काम सोडून उभ्या.

उस्ताद हवालदार होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "उस्ताद, किती वेळा साफ करायची?" त्यांनी बोटं मोजली: रोज एकदा, फायरिंगच्या आधी, फायरिंग चालू असताना आणि फायरिंगनंतर.

"और फायरिंग के बाद कितने दिन?"

"जब तक चिंदी गोरी ना आए."

आपल्याकडे चिंदी म्हणजे फाटकं, टाकाऊ. फौजेत चिंदीला माप असतं. साफ करायची चिंदी चार इंच बाय दोन. ती फुलथ्रूच्या फाशात अडकवायची. फुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. वजन नळीत सोडायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं की दोरी एका दमात ओढायची. पहिली चिंदी बाहेर येते ती तव्याच्या बुडासारखी. दुसरी जरा बरी. सातव्या-आठव्या चिंदीला वाटतं, झालं. मग उस्ताद येतात, मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरायला लावतात आणि पुढून नळीत डोळा घालतात. नखावरचा उजेड आत पसरतो, नळीतल्या पिळाच्या खाचा चांदीच्या वळ्यांसारख्या चमकतात आणि त्यात एक केसाएवढी काळी रेघ दिसते. "ये क्या है? तेरा भविष्य?"

उस्तादांचं हे वेड हवेतून आलेलं नव्हतं. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागं पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच चुलतभाऊ. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी पाझरते तसा हा क्षार नळीत बसून हवेतली ओल ओढतो आणि दोन दिवसांत नळी गंजते. तेलानं मीठ विरघळत नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचं, कोरडं करायचं आणि मगच तेल. पुढं टोप्या बदलल्या, क्षार गेला. पण शिकवणाऱ्यांच्या तीन पिढ्या मिठाच्या काळात घडलेल्या. आमच्या आजीला फ्रीज आल्यावरही दूध तीनदा तापवल्याशिवाय चैन पडत नसे, तशातलं.

उलट टोकही जगानं पाहिलंय. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं एम-16 रायफल दिली तेव्हा हिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला. सुरुवातीला बऱ्याच जवानांना सफाईचं सामानच मिळालं नाही. दारू बदललेली, नळीला आतून क्रोम नाही. ऐन चकमकीत रायफली अडकल्या आणि 1967 साली त्यांच्या संसदेत चौकशी झाली. नंतर सैन्यानं विल आयस्नर या चित्रकथाकाराकडून रायफलच्या सफाईची कॉमिकसारखी पुस्तिका काढून घेतली. आमच्या उस्तादांना चित्रांची गरज पडली नाही. त्यांचा आवाज पुरायचा.

कॅम्पच्या सहाव्या दिवशी मी गॅस प्लग काढत होतो. गॅस सिलिंडरच्या पुढच्या टोकाला असलेलं हे बूच एक खटका दाबून पाव फेरा फिरवायचं. आत स्प्रिंग दबून बसलेली असते, म्हणून वर अंगठा ठेवायचा, असं उस्तादांनी तीनदा बजावलं होतं. मी चौथ्यांदा बजावण्याची वाट पाहत होतो बहुतेक. प्लग सुटला, माझ्या कानाजवळून गेला आणि गवतात नाहीसा झाला. कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, गिनती पूर्ण झाल्याशिवाय कुणाला सुट्टी नाही. चाळीस पोरं रांगेनं गुडघ्यावर बसून दिवस मावळेपर्यंत गवत चाचपडत होती. प्लग सापडला तो माझ्याच बुटाच्या जिभेआड. हे मी त्या रात्री कुणाला सांगितलं नाही. गवतातून उचलल्यासारखं केलं आणि वर शाबासकी घेतली.

प्रायश्चित्त म्हणून मी ती रायफल अशी काही साफ केली की विचारू नका. पिस्टनला, गॅस सिलिंडरला, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पोराला चोपडतात तसं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी रेंजवर पहिली गोळी मारली आणि निळा धूर थेट माझ्या डोळ्यांत. गॅसचे भाग कोरडेच ठेवायचे असतात. तिथलं तेल जळतं आणि त्याची आणखी काजळी होते. नळीही गोळीबाराआधी कोरडी चिंदी फिरवून पुसायची असते. उस्ताद एवढंच म्हणाले, "रायफल है, पकौड़ा नहीं."

कॅम्प संपला. मी घरी आलो तो आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ दर महिन्याला खोलण्याचा निश्चय करूनच. तिसऱ्या महिन्यात ते थांबलं. शहागंजच्या मनोऱ्याजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे, त्यांच्याकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "घड्याँ मैल से कम मरते बेटा, खोलने से ज्यादा." त्यांच्या डोक्यावरच्या मनोऱ्यातलं घड्याळ कित्येक वर्षं बंद पडलेलं. ते कुणी फार साफ करून बिघडवलं असेल, असं मात्र मला वाटत नाही. पुढं स्मार्ट सिटीच्या कामात मनोऱ्याची डागडुजी झाली.

चाचांचं म्हणणं रायफललाही लागू आहे, हे मला उशिरा उमगलं. फुलथ्रूची दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाशी घासते. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथं खाच पडते आणि गोळी भरकटते. तारेची जाळी तर परवानगीशिवाय लावूच देत नसत, कारण ती गंजाबरोबर नळीही खरवडते. उस्ताद "सीधा खींच" म्हणून ओरडायचे ते यासाठी. म्हणजे सफाईचा मारा रायफललाही सोसावा लागतो. आमच्या घरी आजीचा पितळी तांब्या आहे. त्यावर तिचं नाव आणि लग्नाचं साल कोरलं होतं. चिंच आणि राखेनं पन्नास वर्षं घासून आता नुसतं 'सौ.' उरलंय.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजेला मांडतो. म्हणजे पक्कड, पाने, हातोडी आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर. यंदा बायकोनं स्क्रू-ड्रायव्हर पूजेनंतर परतच दिला नाही. "देवाजवळच राहू दे, शांत आहे," म्हणाली.

मग परवा रात्री दीड वाजता नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाइप म्हणजे कोतात पडून असलेल्या रायफलीच. न वापरता जास्त गंजतात. नळ आधी खोकला, मग दोन बार काढले, मग धो धो सुटला. हंडे-बादल्या भरेस्तोवर मी पेंगत उंबऱ्यावर बसलो होतो. पाणी गेलं तशी बायकोनं तोटीला बांधलेलं फडकं सोडलं, पिळलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. विटकरी, मधे एक काळी रेघ.

"उस्ताद," ती म्हणाली, "चिंदी गोरी नाही आली."