वहिनींचा क्लास

आज शिकलं की उद्या शिकवायचं, अशी काही माणसं असतात. मध्ये सरावाला म्हणून एक दिवसही ठेवत नाहीत. आमच्या वहिनी त्यांतल्या. शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीकडून फ्रेंच नॉट शिकून आल्या आणि रविवारी सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे रिंग, सुई आणि गुलाबी दोऱ्याची लडी ठेवली.

"बसा भाऊजी. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. सुई वर काढायची, दोरा डाव्या हाताने ताणून धरायचा, सुईला दोन वेढे द्यायचे आणि सुई परत खाली. त्याच भोकात नाही हं! एखादा धागा सोडून, शेजारी. त्याच भोकात घातली तर गाठ मागे निघून जाते."

हे सांगता सांगता त्यांनी सुई त्याच भोकात घातली. दोरा ओढला, तशी गाठ सुळकन कापडामागे गेली.

"गेली की नाही?" वहिनी विजयाने म्हणाल्या. "म्हणून तर सांगत होते."

दुसऱ्या खेपेला डाव्या हाताचा ताण सुटला, वेढे सैल पडले आणि वर नुसता गुंता उरला. "ही सैल गाठ. हीसुद्धा ओळखता आली पाहिजे." तिसरी मात्र खरंच सुरेख बसली; मोहरीएवढी, घट्ट, गोल. वहिनींनी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि घाईने इतिहासाकडे वळल्या.

"चीनमध्ये अशा गाठींनी अख्खी फुलं भरतात. पारशी बायकांच्या जुन्या गारा साड्या बघा!" वहिनींनी गारा पाहिलाय तो काचेपलीकडून, पण कँटनच्या कारागिराला दोन सूचना करून आल्यासारख्या बोलत होत्या.

पलीकडे आई कर्नाटकी कशिदा भरत बसली होती. त्यात गाठ चालतच नाही. दोऱ्याचं टोकसुद्धा टाक्यांखाली दडवायचं, उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे. वहिनींनी कापड हातात घेऊन दोन्हीकडून पाहिलं.

"छान आहे हो, आई. मधेमधे चार गाठी टाकल्यात की उठून दिसेल."

आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या आठवड्यात टेबलक्लॉथ, माझे रुमाल, उशांचे अभ्रे, काही सुटलं नाही. अभ्र्यांचा त्रास सर्वांत जास्त. सकाळी उठलं की दादाच्या गालावर पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं, आणि तसाच तो ऑफिसला जायचा.

परवा वहिनींनी नव्या सुया आणल्या. नेढं आणि दांडी सारख्याच जाडीची. बुलियन नॉटला हीच बरी. नेढं रुंद असलं तर सात-आठ वेढ्यांतून सुई निघता निघत नाही.

"सोमवारपासून आपल्याकडे बुलियनचा क्लास," वहिनींनी जाहीर केलं. "शेजारच्या तिघी येताहेत."

"पण तुम्ही बुलियन कधी शिकलात?"

"रविवारी जातेय ना!"