रांगोबा

काही माणसं 'हो' म्हणतात आणि काम करतात. काही 'नाही' म्हणतात आणि करत नाहीत. दोघांशीही निभावून नेता येतं. मढच्या कोळीवाड्यात माझ्या घरापासून चार दारं सोडून राहणारा तरुण यांतल्या कशातच बसत नाही. तो 'घेतलंय' म्हणतो.

मोरीतला नळ गळतोय? घेतलंय. गॅसचा नंबर लावायचाय? घेतलंय. बाबांचं पासबुक भरून आणायचंय? घेतलंय काका, घेतलंय. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरतं की सांगणाऱ्याला काम झाल्यासारखंच वाटतं. सांगणारा निश्चिंत होऊन घरी जातो. नळ गळत राहतो.

मी त्याला रांगोबा म्हणतो, आणि तोंडावर म्हणतो. तो रागावत नाही. रागावण्याचं कामही त्याने बहुधा मागे कुठेतरी लावून ठेवलेलं असतं.

या स्वभावाला त्याचा धंदा कारण आहे. मालाडच्या एका कंपनीत तो बॅकएंडला आहे, म्हणजे पडद्यामागे. तुम्ही मोबाइलवर तिकीट काढता आणि सेकंदभरात 'बुकिंग झालं' अशी हिरवी खूण उमटते. त्या सेकंदात सगळं काही झालेलं नसतं. पावतीची पीडीएफ बनायची असते, ईमेल जायचा असतो, एसएमएस जायचा असतो, हिशेबात नोंद व्हायची असते. एवढं सगळं होईपर्यंत तुम्हाला थांबवलं तर तुम्ही वैतागून दुसऱ्याच्या ॲपवर जाल. म्हणून समोरचा प्रोग्रॅम या कामांच्या चिठ्ठ्या लिहून क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकतो आणि तुमच्याकडे बघून हसतो. मागे वर्कर नावाचे प्रोग्रॅम बसलेले असतात. ते एकेक चिठ्ठी उचलतात आणि निमूट काम उरकतात. वेबच्या कारभारात सर्व्हर दर वेळी एक आकडा उत्तरादाखल पाठवतो. 200 म्हणजे काम झालं. 202 म्हणजे काम घेतलं, अजून केलेलं नाही. आपल्याकडच्या कचेऱ्या तक्रार क्रमांक देतात तो हाच 202. रांगोबा आयुष्यभर 202 वर जगत आलाय.

पण त्याच्यापुढे रांगेला नावं ठेवू नका. "काका, ॲमेझॉनने क्लाउडच्या धंद्यात पहिली वस्तू कुठली काढली माहितीये? सर्व्हर नाही. 2004 साली रांग काढली, रांग!" हे खरं आहे. त्यांची एसक्यूएस ही क्यूची सेवा चाचणीसाठी बाहेर आली तेव्हा भाड्याचे सर्व्हर अजून यायचे होते. त्याच्याही मागे गेलात तर तो तुम्हाला 1909 सालच्या कोपनहेगनला घेऊन जातो. तिथल्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने, येणारे फोन किती आणि लाइनी किती असाव्यात, याचं गणित मांडलं आणि रांगांचं शास्त्र सुरू झालं. एर्लांगचं नाव घेताना रांगोबा कानाच्या पाळीला हात लावतो. गवई गुरूंचं नाव घेताना लावतात तसा.

वर्सोव्याला जायला आमच्याकडे फेरी आहे. खाडी ओलांडायला मोजकी मिनिटं लागतात. रस्त्याने जायचं तर मार्वे, मालाड, अंधेरी अशी वीसेक किलोमीटरची प्रदक्षिणा घालावी लागते. एकदा संध्याकाळी आम्ही दोघं जेट्टीवर उभे होतो. रांग चांगलीच लांबली होती. मी पाय उचलला, तर त्याने माझा दंड धरला. "थांबा काका. जॉन लिटल, 1961. रांगेतली माणसं भागिले दर मिनिटाला येणारी माणसं, म्हणजे सरासरी थांबण्याचा वेळ." मग त्याने माणसं मोजली. ऐंशी. घड्याळ लावून मिनिटाला किती येतात ते मोजलं. दहा. "आठ मिनिटं," असं तो विजयी मुद्रेने म्हणाला तेव्हा फेरी धक्क्यापासून सुटलेली होती. रांगेतले ते ऐंशीही तिच्यात होते आणि त्यांच्या मागून आलेले दहाही. आमच्या शेजारी एक बाई टोपली टेकवून बसली होती. ती म्हणाली, "भरली की सुटते रं." लिटलचं सूत्र चुकीचं नाही. त्यात एकच गृहीत धरलेलं असतं, की मोजणारा स्वतःही रांगेत उभा आहे.

वर्सोवा-मढ पुलाबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मी त्याची चेष्टा केली की रांगोबाला मनापासून वाईट वाटतं. "क्यूमध्ये आहे काका, डीएलक्यूत गेलेला नाही," असं तो म्हणतो. डीएलक्यू म्हणजे डेड लेटर क्यू. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही जे काम होतच नाही, ते उचलून बाजूच्या वेगळ्या रांगेत टाकतात. तिथे ते सडत नाही, कोणीतरी येऊन बघेल याची वाट बघत पडून राहतं. रांगोबाच्या घरी कपाटावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. मुदत उलटलेली वॉरंटी कार्डं, न बदललेले घड्याळाचे सेल आणि कोणाच्यातरी बारशाचं न दिलेलं आहेर पाकीट, असा सगळा ऐवज त्यात आहे. ते बाळ आता शाळेत जातं.

नळाची गोष्ट सांगायलाच हवी. क्यूमधली चिठ्ठी एका वर्करने उचलली की बाकीच्यांना ती दिसेनाशी होते, नाहीतर सगळे एकाच कामावर तुटून पडतील. पण उचलणाराच मध्ये मेला तर? त्यासाठी मुदत ठेवलेली असते. एसक्यूएसमध्ये ती मुळात 30 सेकंदांची आहे, वाढवून 12 तासांपर्यंत नेता येते. तेवढ्यात काम झाल्याची पोच आली नाही, तर चिठ्ठी पुन्हा सगळ्यांना दिसू लागते. रांगोबाने नळाची चिठ्ठी होळीच्या सुमारास उचलली. बाबांनी एकदा पान्हा हातात घेतला, तर हा आतून ओरडला, "बाबा, हात लावू नका, मी घेतलंय!" बाबांनी पान्हा खाली ठेवला. होळी गेली. जून आला, मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला. नळ रांगोबाच्याच ताब्यात. मी विचारलं, "अरे, त्या मुदतीचं काय?" तो म्हणाला, "घरच्या सिस्टीमला टाइमआउट सेट केलेला नाही." शेवटी तो ऑफिसला गेलेला बघून आईने प्लंबर बोलावला. वायसर बदलून दहा मिनिटांत तो गेलासुद्धा.

उसने दिलेले पैसे परत मागण्याचीही त्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. साइडकिक नावाची एक क्यूची प्रणाली आहे. एखादं काम फसलं तर ती साधारण तीन आठवड्यांत 25 वेळा पुन्हा प्रयत्न करते. सुरुवातीला लागोपाठ, मग अंतर वाढवत वाढवत. समोरचा आधीच धापा टाकत असेल तर त्याला सारखं ढोसू नये, हा त्यातला विचार. रांगोबाने मित्राला पहिले पाच फोन दहा मिनिटांत केले. मित्र चिडला. मग तासांच्या अंतराने, मग दिवसांच्या. त्यातही एक बारकावा आहे. सगळ्यांनी ठरावीक वेळी पुन्हा प्रयत्न केला तर एकाच क्षणी झुंबड उडते. म्हणून अंतरात मुद्दाम थोडी अनियमितता मिसळतात. "एक तारखेला त्याचा पगार होतो," रांगोबाने मला समजावलं, "तेव्हा सगळे घेणेकरी एकदम फोन करतात, लाइन जाम. म्हणून मी केला चार तारखेला, दुपारी सव्वातीनला." फोन पहिल्या रिंगला लागला. पगार तेवढा उरला नव्हता.

आणखी एक प्रकार असतो, विषारी चिठ्ठीचा. तिच्यात असं काहीतरी असतं की जो वर्कर उचलेल तो कोसळतो. चिठ्ठी परत रांगेत, पुढचा वर्कर तिला उचलतो, तोही कोसळतो. रांगोबाच्या घरात त्याच्या लग्नाचा विषय हा त्यातला. त्याची मावशी भाटीहून आली की तो काढते. आधी रांगोबा पडतो: कानात हेडफोन, "मीटिंग आहे." मग विषय बाबांकडे जातो. बाबा चपला घालून जेट्टीकडे निघतात. मग मावशी माझ्याकडे वळते आणि मला एकाएकी घरचं दूध उतू जाईलसं वाटू लागतं.

रांगोबाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं ते अशा परिस्थितीत. मे महिना होता. हळदीच्या रात्री आमच्याकडे अख्खा कोळीवाडा जमतो, ब्रास बँड वाजतो, मासळी आणि थंड पेयं दोन्हींना बर्फ लागतो. बर्फाच्या वीस लाद्या सांगायचं काम रांगोबाकडे आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याने ते रांगेत न टाकता तिथल्या तिथे केलं. फोन लावला, गाव सांगितलं, लाद्या सांगितल्या. पलीकडचा 'हो' म्हणणार इतक्यात नेटवर्क गेलं. मढमध्ये ते जातंच.

आता पंचाईत बघा. पलीकडे ऑर्डर लिहून घेतली गेली की नाही? पोच आलेली नाही. गप्प बसावं तर हळद बर्फाविना. पुन्हा सांगावं तर कदाचित दोनदा. रांगोबाच्या धंद्यात या जागी ठरलेलं उत्तर आहे: पोच नाही म्हणजे काम झालंच नाही असं समजा आणि पुन्हा पाठवा. काम निदान एकदा होईल याची हमी मिळते. एकदाच होईल याची मिळत नाही. त्याने थोडा वेळ थांबून शास्त्रानुसार पुन्हा फोन केला. या वेळी दुसऱ्याने उचलला. त्यानेही वीस लाद्या लिहून घेतल्या.

हळदीच्या दुपारी दारात दोन टेम्पो उभे राहिले. चाळीस लाद्या. ऊन असं की उभ्या जागी पाणी सुटत होतं. बाबा डोकं धरून ओटीवर बसले. रांगोबा टेम्पोच्या चाकाशी उभा राहून मला समजावू लागला, "काम आयडेम्पोटंट नव्हतं, काका." म्हणजे काय, हे मी त्या गर्दीतही विचारलं; माझाही स्वभाव वाईट आहे. "गॅस बंद करायचं काम दहादा केलं तरी गॅस बंदच राहतो. कालवणात मीठ दोनदा पडलं तर कालवण जातं. बर्फ मिठासारखा निघाला. यावर उपाय असतो, प्रत्येक ऑर्डरला एक वेगळा नंबर द्यायचा. तोच नंबर परत आला तर समोरच्याने ओळखायचं, हे मघाचंच काम, दुसरं नाही."

त्याची आई हळदीचं पातेलं घेऊन आतून येत होती. ती थबकली. "रं, नंबर कशाला? 'मघाशी सांगितला तोच बर्फ, आला का लिहून?' असं बोलायचं ना."

रांगोबाने तोंड उघडलं आणि मिटलं. मोठमोठ्या पेमेंट कंपन्या पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून जी युक्ती वापरतात, ती त्या बाईने हळदीच्या हाताने एका वाक्यात सांगितली होती. तिथेच न थांबता तिने पातेलं सुनेच्या हाती दिलं, जेट्टीवर माणूस धाडला आणि रात्रीच्या भरतीला निघणाऱ्या एका नाखव्याला दुसरा टेम्पो तसाच्या तसा विकून टाकला. बर्फाच्या भावात दोन रुपये सुटलेसुद्धा. थोरल्या मुलाच्या बायकोला ती म्हणाली, "यान मना काय विचारलं नाय, नायतर मीच तिसरा टेम्पो पण मागवला असता."

या बाईकडे रांग नाही. बोंबील होडीतून उतरले की त्यांना थांबायला वेळ नसतो. जबड्यात जबडा अडकवून ते जोडीजोडीने बांबूंच्या वलांड्यांवर चढवावे लागतात. ढग आले की उतरवावे लागतात. तिथे 'घेतलंय' म्हणणाऱ्याचा माल संध्याकाळपर्यंत वास मारायला लागतो. मायलेकांचं पटत नाही ते एवढ्यावरूनच. तिला वाटतं, पोराला अंगचोरपणा कंपनीने पगार देऊन शिकवला.

माझं मत वेगळं आहे. हा मुलगा आळशी नाही. पहाटे तीन-साडेतीनला मला जाग येते तेव्हा बंदरात इंजिनं धडधडत असतात आणि चार दारं पलीकडे याच्या खिडकीत उजेड असतो. कंपनीचा अलर्ट वाजलेला असतो: क्यू तुंबलाय, लाखभर चिठ्ठ्या साठल्यात, वर्कर पटापट मरतायत. अशा वेळी तो 'घेतलंय' म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. जादा वर्कर उभे करतो, विषारी चिठ्ठी हुडकून बाजूला काढतो, साठा शून्यावर येईपर्यंत खुर्चीतून उठत नाही. झोपेतल्या हजारो माणसांच्या पावत्या, तिकिटं, निरोप सकाळपर्यंत जागच्या जागी पोचलेले असतात आणि त्यांतल्या एकालाही कळत नाही की रात्री काही अडलं होतं. परक्यांची चिठ्ठी या माणसाने एकदाही हरवल्याचं मी ऐकलेलं नाही. हरवतात त्या घरच्यांच्या.

तेव्हा मढला कधी आलात आणि रांगोबाकडे काम निघालं, तर जरूर सांगा. तो नाही म्हणणार नाही. फक्त एसक्यूएसचा एक नियम ध्यानात असू द्या: रांगेतली चिठ्ठी मुळात 4 दिवस टिकते, फार तर 14. त्यानंतर ती कोणी न वाचताच पुसली जाते. तेव्हा तेराव्याच्या आत एकदा आठवण करा. घाई असेल तर सरळ त्याच्या आईला सांगा.