चालत नाही म्हणजे नेमकं काय?

पुसदमध्ये सल्ला विकत घ्यावा लागत नाही आणि मागावाही लागत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली, की प्लगमध्ये कचरा आहे म्हणणारा एक, पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणणारा दुसरा आणि 'ही कंपनीच घ्याले नव्हती पाहिजे' म्हणणारा तिसरा, असे तिघे तुम्ही बोनेट उघडायच्या आत हजर असतात. त्यांतला एकही तुम्हाला काही विचारत नाही. विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही हे उघड होईल, आणि तेवढी जोखीम घेणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे.

मदत करणाऱ्यांची दुसरी एक जात जगात आहे. ती आधी तुम्हालाच दहा प्रश्न विचारते आणि मग, मनात आलं तर, उत्तर देते. तिची ओळख आमच्या घराला वहिनींच्या मुंगवड्यांमुळे झाली.

वहिनींचा बचत गट मुंगवड्या, ज्वारीचे पापड, शेवया आणि हळद विकतो. गावात बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे, त्यामुळे पुसदला इंजिनिअरांची टंचाई नाही. ते सगळे फक्त पुण्यात असतात. आमचा पुतण्याही गेला. जाण्यापूर्वी त्यानं आईला ऑनलाइन दुकान मांडून दिलं आणि अभिमानानं सांगितलं, "आई, सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. एक रुपया लागला नाही."

"ते ठीक आहे बाबू," वहिनी म्हणाल्या, "पण बिघडलं तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं?"

"जगभर माणसं आहेत ना मदतीला."

"त्यांचा पगार कोण देते?"

"कोणीच नाही."

पोरगा कुठल्या तरी चिटफंडात अडकलाय, अशा नजरेनं वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांचा प्रश्न वकिलाला शोभणारा होता. या जातीची बरीच सॉफ्टवेअरं ज्या जीपीएल परवान्याखाली वाटली जातात, तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये लिहिला. वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, असे सगळे हक्क त्यात आहेत. आणि शेवटाकडे, मोठ्या अक्षरांत, हमी कसलीही नाही असंही बजावलेलं आहे. म्हणजे परवाना सगळं देतो. जाऊन बसायला दार तेवढं देत नाही.

दार नसलं तरी वस्ती मोठी आहे. २००० साली जर्मनीत हॅरल्ड पोन्से दे लिओन यांनी ऑनलाइन दुकानासाठी ओएसकॉमर्स सुरू केलं. त्यातून २००३मध्ये झेन कार्ट वेगळं निघालं. २००७मध्ये पॅरिसला प्रेस्टाशॉप आलं, २००८मध्ये अमेरिकेत मॅजेंटो, आणि २०११मध्ये जिगोशॉपचा कोड घेऊन वूकॉमर्स उभं राहिलं. नोएडाच्या वेबकुलचं बॅगिस्टो तर आपल्याकडचंच. इथं वेगळं निघणाऱ्याला मूळ घरातलं सगळं सोबत नेता येतं आणि मागे राहणाऱ्याचंही काही कमी होत नाही. ही सोय सातबाऱ्याला असती, तर आमच्याकडच्या निम्म्या वकिलांना शेती करावी लागली असती. मॅजेंटो २०१८मध्ये अडोबीनं १.६८ अब्ज डॉलरला विकत घेतलं. हा आकडा ऐकल्यावर वहिनींनी फुकटाकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

आमचं दुकान यांपैकी कशावर उभं आहे, ते सांगत नाही. कारण पुढं जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा दोष शोधला जाईल.

झालं असं, की गिऱ्हाइकाला जाणाऱ्या पीडीएफ पावतीवर रुपयाच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटू लागलं. हळद ?२४०. मुंगवड्या ?१८०. एकूण ?४२०. बेरीज बरोबर होती, पण आकडा असा आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह! दिग्रसच्या एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, "भाव अजून ठरून राहिला का?" उमरखेडच्या बाईंनी तर घासाघीस चालते असाच अर्थ लावला आणि साडेतीनशे देईन म्हणून कळवून टाकलं.

गाव मदतीला धावलं. झेरॉक्सवाल्यानं व्हायरस सांगितला. शेजाऱ्यांनी इन्व्हर्टरवर संशय घेतला. निवृत्त गुरुजी म्हणाले, प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी हवं, आधी नको. दादानं सुचवलं, चिन्हाच्या भानगडीत कशाला पडता, सरळ 'रुपये' लिहा. तसं केल्यावर एका प्रश्नचिन्हाची पाच झाली. र, उकार, प, य आणि मात्रा, यंत्राच्या लेखी ही पाच वेगळी अक्षरं, आणि पाचांपैकी एकाचीही त्याला ओळख पटली नव्हती.

शेवटी त्या बिनपगारी माणसांना गाठायचं ठरलं. वहिनींनी मजकूर सांगितला, "लिहा भाऊजी : चालत नाही. लवकर सांगा."

काही तासांनी उत्तर आलं. 'चालत नाही म्हणजे नेमकं काय? काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती? पीएचपी कोणतं? प्लगइन कोणकोणते जोडलेत? बाकीचे बंद करून पाहिलंत का? पावतीचं चित्र जोडा.'

वहिनी उसळल्या. "याले दुखणं सांगावं, तर हा कुंडली मागते!"

पण त्या जगात हीच रीत आहे. एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघांनी प्रश्न कसा विचारावा यावर २००१मध्ये एक लांबलचक मार्गदर्शक लिहिलं. ते इतकं गाजलं, की लोक त्या दोघांनाच आपापल्या अडचणी पाठवू लागले. आणि आम्ही तुमच्या सॉफ्टवेअरचं मदतकेंद्र नाही, अशी तंबी त्यांना त्यातच छापावी लागली. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्यालाही आधी वाचा म्हणून सांगावं लागतं, हे वाचून मला पुसद एकदम जगाच्या मध्यावर आल्यासारखं वाटलं.

माझा जन्म जिल्हा परिषदेच्या कचेरीत अर्ज वाचण्यात गेला आहे. ते प्रश्न पुन्हा वाचले आणि उलगडा झाला : हा माणूस अर्जच मागतोय, आपल्या जुन्या नमुन्यातला. विषय : पावतीवर ₹ ऐवजी ? येण्याबाबत. संदर्भ : सॉफ्टवेअरची आवृत्ती, पीएचपीची आवृत्ती. मग थोडक्यात हकीकत, कोणत्या क्रमानं काय केलं आणि प्रत्येक वेळी काय दिसलं. शेवटी सहपत्रे : पावतीचं चित्र एक, त्रुटींच्या नोंदींची प्रत एक. लवकर सांगा हे काढून टाकलं, कारण त्यानं कुठल्याही टेबलावरची फाइल हललेली मी पाहिलेली नाही. 'महोदय'ही काढलं, समोर महोदया असू शकते. वहिनींना एवढंच खटकलं, की अर्जावर तिकीट नाही म्हणजे त्याला वजन नाही.

वाट पाहण्याची सवय आमच्या गावाला आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची गाडी फेब्रुवारी २०२४मध्ये कळंबपर्यंत पोचली, तेव्हाही पुसद नकाशावर बरंच पुढं होतं. त्या मानानं हे उत्तर फारच घाईनं, दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. देणारा पोर्तुगालचा होता. त्यानं लिहिलं होतं : पावती तयार करणारा भाग मुळातला फॉन्ट वापरतो, तो पश्चिम युरोपच्या अक्षरांपुरता आहे, ₹ त्यात नाही. जे अक्षर सापडत नाही, तिथं यंत्र प्रश्नचिन्ह छापतं. सोबतच डेजाव्हू सान्स नावाचा फॉन्ट येतो, तो लावा.

लावला. रुपया उगवला. डी. उदयकुमार यांनी रेखाटलेलं हे चिन्ह भारत सरकारनं १५ जुलै २०१०ला स्वीकारलं. आमच्या पावतीनं ते त्या दिवशी स्वीकारलं.

"म्हणजे मशीनच आपल्याले विचारत होतं, हे काय आहे म्हणून," वहिनी म्हणाल्या. "अन् आपण उत्तरं गिऱ्हाइकाले देऊन राहिलो!"

ही माणसं फुकट का राबतात, हे कोडं वहिनींनी पुतण्याकडून सोडवून घेतलं. काहींचं पोट याच सॉफ्टवेअरवर चालतं, काहींना नाव हवं असतं, आणि पुष्कळ जण कधीतरी स्वतः इथंच अडलेले असतात. भामटेही असतात, पण ते ओळखणं सोपं. मदत करणारा चारचौघांत मदत करतो. बाजूला घेऊन पासवर्ड मागणारा मदतीला आलेला नसतो.

मात्र पोर्तुगालच्या माणसाला आपलं सगळंच विचारता येत नाही. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, राज्याचा कृषी दिन. ते जन्मले ते गहुली आमच्याच तालुक्यातलं. २०१७मध्ये नेमका त्याच दिवशी जीएसटी आला. पुसदहून नांदेडला गेलेल्या हळदीवरचा पाच टक्के कर अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तीच हळद पैनगंगेपलीकडे आदिलाबादला गेली, की पाचही टक्के आयजीएसटी. त्यात तेलंगण २ जून २०१४ला जन्मलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या राज्यांच्या यादीत ते नाव कोणीतरी बसून घातलेलं असणार. २०२१मध्ये चौकोनी पापडाला जीएसटी लागतो अशी आवई उठली, तेव्हा कर मंडळाला जाहीर खुलासा करावा लागला, की पापडाला कुठल्याच नावानं कर नाही. हे लिस्बनमध्ये बसून कोणाला समजावं! त्यासाठी आपली माणसं लागतात. वूकॉमर्स ज्यावर चालतं त्या वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरला झाले आहेत, आणि वर्डप्रेस मराठीत दिसतं तेही अशाच हौशी लोकांमुळे. करांचं गणित वहिनींना एका मराठी माणसानंच जुळवून दिलं. त्यानंही आधी आवृत्ती विचारली. वहिनींकडे ती तयार होती.

आता वहिनींनी नियमच केला आहे : अडचण सुटली, की कशी सुटली ते लिहून ठेवायचं. 'सुटलं, धन्यवाद' एवढंच लिहून पसार होणाऱ्यांवर त्यांचा फार राग आहे. उष्ट्या ताटावरून उठून जाणाऱ्यांवरही एवढा नाही. रुपयाची हकीकत त्यांनी माझ्याकडून सविस्तर लिहून घेतली. ती वाचून पोर्तुगालच्या माणसानं विचारलं, मुंगवडी म्हणजे काय?

वहिनींनी त्याच क्षणी अर्धा किलो बाजूला काढल्या. पैसे घ्यायचे नाहीत, पण ऑर्डर रीतसर नोंदवायची, असा त्यांचा हिशेब. पत्ता भरल्यावर दुकानानं कळवलं, या देशात आम्ही माल पाठवत नाही.

"ज्यानं दुकान दुरुस्त केलं, त्यालेच दुकान नाही म्हणते?" वहिनी कडाडल्या. "घ्या कागद!"

विषय : पोर्तुगालला मुंगवड्या पाठवण्याबाबत. संदर्भ : आवृत्ती तीच. सहपत्रे : मुंगवड्यांचं चित्र एक.