व्हॉइस ऑफ किशोरची उतरलेली पट्टी

(स्थळ : कोहमारा चौक. नागपूर-रायपूर महामार्ग आणि गोंदियाहून येणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि ज्यांची बस चुकली ते सगळे चहाच्या ठेल्यावर भेटतात. काळ : दिवाळी तोंडावर, हलका धान कापून झालेला, भारी धान अजून शेतात उभा. म्हणजे मंडईच्या तारखा आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या ठरायचे दिवस.

पात्रे : व्हॉइस ऑफ किशोर, निवृत्त प्राथमिक शिक्षक. कॅसिओवाला, सध्या खत-बियाण्याचे दुकान. निवेदक, सध्या विमा एजंट. बोलण्याचा आजार जुनाच. इव्हेंटवाला, निवेदकाचा पुण्याला असलेला भाचा. चहावाला, ज्याला सर्वांची उधारी तोंडपाठ आहे.)

इव्हेंटवाला : मामा, कल्पना एकदम सोपी आहे. रियुनियन! जगात सध्या हेच चालतंय. तुमचा ऑर्केस्ट्रा पंचवीस वर्षांनी पुन्हा स्टेजवर.

निवेदक : (उभा राहून) रसिक मायबाप! काळाच्या पडद्याआड गेलेले ते सोनेरी सूर आज पुन्हा एकदा आपल्या...

चहावाला : बसा जी. कप सांडते.

कॅसिओवाला : पंचवीस कायचे गा? आपला शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा आपन भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ले.

किशोर : म्हनजे आपन 'भंडारा जिल्ह्यातील सुप्रसिद्ध' होतो. गोंदिया जिल्ह्यात आपला एकही कार्यक्रम झाला नाही.

इव्हेंटवाला : काका, हे तर उत्तमच! गोंदिया जिल्ह्यात प्रथमच!

किशोर : याच गावात सात वेळा गायलो मी.

इव्हेंटवाला : ते बॅनरवर लिहायचं नाही.

(चहा येतो. सोबत आलूबोंडे आणि तर्री.)

इव्हेंटवाला : अब्बाचं उदाहरण घ्या. स्वीडनचा ग्रुप. दोन बायका, दोन पुरुष. १९७४ मध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकले, जगभर नाव झालं, १९८२ नंतर थांबले. आणि २०२१ मध्ये, चाळीस वर्षांनी, नवा अल्बम! २०२२ पासून लंडनला त्यांचा शो आहे. पण त्यात ते स्वतः नसतात.

कॅसिओवाला : मंग कोन गाते?

इव्हेंटवाला : त्यांचे डिजिटल अवतार. तरुणपणी जसे दिसायचे तसेच. पडद्यावर नाचतात, गातात. बाजूला वाजवणारे मात्र खरेखुरे.

किशोर : म्हनजे मानसं घरी अन् फोटो स्टेजवर?

इव्हेंटवाला : साधारण तसंच.

किशोर : अन् बिदागी कोनाले?

इव्हेंटवाला : माणसांना.

(सगळे बराच वेळ चहाकडे बघतात.)

कॅसिओवाला : हे जमते आपल्याले.

चहावाला : तुमचा चौघाईचा जुना फोटो हाय माझ्याकडं. उधारीच्या वहीत.

इव्हेंटवाला : तेवढं बजेट नाही आपलं. दुसरं उदाहरण, स्पाइस गर्ल्स. इंग्लंडच्या पाच मुली, १९९६ साली पहिल्याच गाण्याने धुमाकूळ. २०१९ मध्ये पुन्हा दौरा केला, तेव्हा चारच आल्या.

किशोर : पाचवी काहून नाही आली?

इव्हेंटवाला : तिचा कपड्यांचा मोठा व्यवसाय आहे.

कॅसिओवाला : आपला ऑक्टोपॅडवाला! त्याचंही साकोलीले कापडाचं दुकान हाय. दिवाळीच्या सीझनमध्ये तो मयतीले येत नाही, मंडईले काय येते?

इव्हेंटवाला : बरं, आपल्याकडचं बघा. 'अ बँड ऑफ बॉइज', २००१ च्या सुमारास, पाच पोरं. त्यात आशा भोसल्यांचा नातू चिंटू भोसले होता. आणि सिद्धार्थ हळदीपूर, व्हायोलिनवाले अमर हळदीपूर आहेत ना, त्यांचा मुलगा. त्याचा भाऊ संगीत हळदीपूर 'आसमा'मध्ये. म्हणजे चॅनल व्हीने टीव्हीवर निवड करून आधी २००२ मध्ये पाच मुलींचं 'विवा' काढलं, मग पुढच्या वर्षी हे 'आसमा'.

कॅसिओवाला : एका घरात दोन बँड? साउंड टेस्टिंगले भांडन होत असन.

किशोर : आशाबाईचा नातू असून आज पोट्ट्याईले नाव सांगा लागते. आपल्यात तर कोनी कोनाचा नातू नोहता.

निवेदक : परंतु आपली कीर्ती! आठवा ती रात्र! अर्जुनीची! दहा हजारांचा जनसागर!

कॅसिओवाला : कोनत्या अर्जुनीची, ते सांग पोराले.

निवेदक : (खाली बसत) तो तपशील आहे.

इव्हेंटवाला : नाही नाही, सांगाच. हेच तर लोकांना हवं असतं.

किशोर : सुपारी होती सडक अर्जुनीची. इथून हाकेच्या अंतरावर. मामा तुझा म्हने, पत्ता माझ्याकडं हाय, मेटाडोरमध्ये समोर मी बसतो. अन् बसला. अन् झोपला. डायव्हरनं गाडी नेली मोरगाव अर्जुनीले.

कॅसिओवाला : नवेगावबांधच्या जंगलातून. रात्री.

किशोर : पोचलो तं मंडप तयार, लाइट तयार, मानसं बसलेले. आमाले वाटलं, का मान हाय आपला! उतरलो, बॉक्स लावले, मी एकदम काळी दोनमध्ये सुरू केलं.

कॅसिओवाला : मंडप होता नाटकाचा. वडसेची कंपनी येनार होती, तिची गाडी वाटेत बंद पडलेली. लोकं नाटकाची वाट पाहून राहिले होते.

इव्हेंटवाला : मग हाकललं नाही?

किशोर : हाकलते कायले? झाडीपट्टीतला मानूस नाटकाले येते तो रात्र काढायचीच म्हनून येते. घोंगडी आनली, बिड्या आनल्या, पाहुने आनले, लेकीसाठी पाहून ठेवलेला जवाई पन तिथंच दाखवते. त्याले परत जाता येत नाही. आमी अडीच वाजेपर्यंत गायलो. मंग कंपनी आली, अन् तेच लोकं सकाळपर्यंत नाटक पाहत बसले.

कॅसिओवाला : आपल्याले एवढी पब्लिक पुन्हा कधी मिळाली नाही. कारन ती आपली नोहतीच.

इव्हेंटवाला : आणि सडक अर्जुनीत?

चहावाला : तिथंचे लोकं आले होते ना माझ्याकडं, विचारत. अॅडव्हान्स अजून परत भेटला नाही म्हनतात.

निवेदक : आपण कलेविषयी बोलत होतो.

(इथे लेखकाने मध्ये पडून सांगायला हवे, की बाहेरच्या वाचकाला या भागातली गर्दी सहसा खोटी वाटते. ती खोटी नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, ऊस, शिंगाडे, पाहुणे. रात्री दंडार, खडीगंमत नाहीतर नाटक. धान निघालेला असतो आणि हातात पैसा खुळखुळतो तो याच दिवसांत, म्हणून होळीपर्यंत वडसेच्या नाटक कंपन्यांना उसंत नसते. आमच्या मंडळींच्या दहा हजारांमधले शून्य मात्र वाचकाने आपल्या जबाबदारीवर मोजावे.)

किशोर : मी म्हनतो, हे रियुनियन नाटकवाले काहून करत नाहीत? परशुराम खुणे, गडचिरोलीचे. पाच हजारांवर प्रयोग. २०२३ ले पद्मश्री भेटली. त्याईले कोनी म्हटलं का, या, जुन्या आठवनी काढू?

कॅसिओवाला : ते थांबलेच नाही, तं आठवनी काढाले सवड कोनाले हाय? रियुनियन बंद पडलेल्याचं होते.

चहावाला : शंकरपटाचं झालं ना. २०१४ ले सुप्रीम कोर्टानं बंद केला, २०२१ च्या शेवटी पुन्हा सुरू. बैल आले परत.

कॅसिओवाला : तेच बैल?

चहावाला : आता बैल तेच कसे राहतीन?

इव्हेंटवाला : हेच म्हणतोय मी! लोकांना तेच बैल बघायचे असतात! म्हणजे, माफ करा काका.

किशोर : असू दे. पहिले पट्टीचं बोला. तेव्हा मी काळी दोनमध्ये गात होतो. परवा अंघोळीत कशीबशी पांढरी एक लागली. ती पन गरम पानी होतं म्हनून.

कॅसिओवाला : चिंता नोको करू मास्तर. कॅसिओले ट्रान्सपोजचं बटन हाय. मी बोटं तिथंच ठेवीन, सूर तीन घरं खाली येईन. फक्त मधला गंधार बोलत नाही. उंदरानं वायर खाल्ली.

किशोर : बिना गंधाराचं कसं गाऊ?

कॅसिओवाला : तू तसाही तो कधी लावत नोहता.

इव्हेंटवाला : बाकीचं सामान कुठंय?

कॅसिओवाला : फुटलो तेव्हा वाटनी झाली. अॅम्प्लिफायर गनपती मंडळाकडं. इको मशीन मास्तरकडं, ते शाळेच्या प्रार्थनेले वापरून जाळलं. स्पीकरचे दोन बॉक्स माझ्या घरी. एकात युरिया ठेवतो. दुसऱ्यात कोंबडी अंड्यावर बसली हाय. एकवीस दिवस हलवता येत नाही.

इव्हेंटवाला : मंडई बारा दिवसांवर आहे!

कॅसिओवाला : मंग कोंबडीसकट न्या.

इव्हेंटवाला : काका, एक विचारू? पत्रकार विचारतील म्हणून. तुम्ही फुटलात कशामुळे?

किशोर : डीजेमुळं.

कॅसिओवाला : डीजे मंग आला गा. अन् धुमाल त्याच्या आधी. याच्या निवेदनामुळं फुटलो. दोन गान्याच्या मधात वीस मिनिटं. एकदा तं हा बोलता बोलता जनरेटरचं डिझेल संपलं.

निवेदक : मी वातावरणनिर्मिती करत होतो! आणि बक्षिसांची नावं कोण वाचायचं? 'पाटील साहेबांकडून अकरा रुपये' हे लोकांना गाण्यापेक्षा प्रिय होतं.

किशोर : ते अकरा रुपये कोनाच्या खिशात गेले, तेही सांग.

निवेदक : मूळ कारण वेगळंच. व्हॉइस ऑफ लता सोडून गेल्या.

किशोर : हाव. लगन झालं तिचं.

कॅसिओवाला : लगन तं पहिलेच झालं होतं ना?

(तिघेही एकमेकांकडे बघतात.)

इव्हेंटवाला : त्यांचा नंबर आहे का?

कॅसिओवाला : हाय ना. हे पाय, 'लता गोंदिया'.

(फोन स्पीकरवर. बराच वेळ घंटी.)

आवाज : कोन जी?

निवेदक : (गळा साफ करून) गानरसिकांच्या हृदयसिंहासनावर विराजमान...

आवाज : हा अजून जिता हाय? बोला. लवकर बोला, माझा भजनाचा टाइम झाला.

इव्हेंटवाला : काकू, नमस्कार. आम्ही ऑर्केस्ट्राचं रियुनियन करतोय. तुम्ही परत यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आवाज : परत म्हनजे? मी गेली कुठं? तुमी बंद केलं ते तुमचं. मी तेव्हापासून गातेच हावो. भजनात गातो, हळदीले गातो, गनपतीत, शारदेत गातो. मागच्या वर्षी नाटकाच्या कंपनीसोबत पन गेली होती, गायिका आजारी पडली म्हनून.

किशोर : बाई, पट्टी कोनती आता?

आवाज : तीच. मास्तर, तुमची?

(व्हॉइस ऑफ किशोर आलूबोंड्यात लक्ष घालतो.)

इव्हेंटवाला : काकू, तुम्ही तेव्हा सोडून का गेलात?

आवाज : सोडून? सहा कार्यक्रमाची बिदागी दिली नाही मले. विचारलं तं निवेदक म्हने, कला पैशात मोजू नका बाई. बरं म्हटलं, मंग मोजत नाही, येतही नाही.

चहावाला : (हळूच) आता समजलं.

इव्हेंटवाला : ते मी बघतो. यावेळी अॅडव्हान्स माझ्याकडून, आजच पाठवतो. तुम्ही याल ना?

आवाज : येईन. तीन अटी. जायची-यायची गाडी. मी सहा गाने गाईन, दोन नाही. अन् पोस्टरवर 'व्हॉइस ऑफ लता' लिहायचं नाही. माझं नाव लिहायचं. लतादीदींचा आवाज लतादीदींचा होता, माझा माझा हाय.

इव्हेंटवाला : अगदी बरोबर! सर्वांत वर, मोठ्या अक्षरात टाकतो. काय नाव लिहू?

आवाज : आता तूच सांग. एवढे वर्ष सोबत गायली मी. तुझे मामा बसले हायत ना बाजूले? विचार त्याईले.

(इव्हेंटवाला मामाकडे बघतो. मामा व्हॉइस ऑफ किशोरकडे. व्हॉइस ऑफ किशोर कॅसिओवाल्याकडे. कॅसिओवाला मोबाइल उलटा करून बघतो.)

आवाज : सापडलं का फोन करा. भजनाले उशीर होते.

(फोन बंद.)

किशोर : आपन तं बाईच म्हनत होतो.

कॅसिओवाला : हँडबिलावर पन 'लता' होतं.

निवेदक : मी स्टेजवर गानकोकिळा म्हणायचो.

इव्हेंटवाला : (चहावाल्याला) काका, तुमच्या उधारीच्या वहीत असेल ना?

चहावाला : कसं असन? ती एकटीच होती, रोख देनारी.

(बराच वेळ कोणी बोलत नाही. रायपूरकडे जाणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून जातो. मग निवेदक उठतो, ठेल्यावरचा स्टीलचा ग्लास माइकसारखा धरतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुद्द्याचे बोलतो.)

निवेदक : रसिक मायबाप, एक नम्र विनंती. आमच्या ऑर्केस्ट्रात लतादीदींची गाणी गाणाऱ्या, गोंदियाच्या, त्या बाईंचं नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर कोहमारा चौकातल्या चहाच्या ठेल्यावर कृपया कळवावं. बॅनर शुक्रवारी छापायला जातंय. आणि साकोलीकडून येताना कोणाला ऑक्टोपॅडवाला दिसला, तर त्यालाही सोबत आणावं.

चहावाला : अन् येताना चहाचे सुटे पैसे आनावे.