बर्म्याहून आलेली जीप

चंद्रपूरच्या परकोटात जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत फिरा, दर दोन मोहल्ल्यांमागे एक अंगण असं लागतंच, की तिथं तुळशीवृंदावन कोपऱ्यात सरकलेलं असतं आणि मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं असतं. ताडपत्रीखालून तेलाचा ओघळ आलेला असतो आणि ओघळाशेजारी पाट टाकून एक गृहस्थ बसलेले असतात. नखं काळी, हातात पान्हा, कान बोनेटकडे. हे जीपवाले काका.

काका एकटे नव्हेत, ही जातच आहे. मूलला आहे, ब्रह्मपुरीला आहे, वडशाला आहे, थेट आलापल्लीपर्यंत आहे. गडचिरोलीकडे जरा विरळ, पण असली की कडवी. कुणाकडे फियाट असते, कुणाकडे डॉक्टर वडिलांची अॅम्बेसेडर असते. पण आमच्या जंगलाच्या मुलखात फियाट म्हणजे हौस आणि जीप म्हणजे इतिहास. त्यामुळे मी जीपवाल्यांबद्दलच बोलतो.

जीप काकांकडे येते ती हर्रासातून. आधी कुठल्यातरी सरकारी खात्याची, मग बांबूच्या ठेकेदाराची, मग उन्हाळाभर तेंदूच्या फळीवर, आणि शेवटी कुणाच्यातरी धानाच्या बांधीत उभी, टपावर शेजारणीचे पापड वाळत घातलेले. काका ती लोखंडाच्या भावानं घेतात आणि घरी त्याच्या निम्मा भाव सांगतात. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की ही लागण होते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या थेट भंगारात जायला लागल्या, त्या दिवशी आमचे काका जेवले नाहीत. काकूंनी वांग्याची भाजी झाकून ठेवली आणि ‘कोणी गेलं का?’ म्हणून विचारायला आलेल्या शेजाऱ्यांना ‘सरकारी जिपा गेल्या’ असं सांगितलं.

गाडी घरी आली की पहिली दोन वर्षं ती चालत नाही. हा काळ काकांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर, फ्युएल पंप हे शब्द घरात देवांच्या नावांसारखे फिरतात. मग एका रविवारी गाडी सुरू होते आणि संसाराला खरी सुरुवात होते.

चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४७ वर जातो. असल्या उन्हात पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी भर चौकात मान टाकते. त्यावर जुना उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. फडकं अर्थातच काकूंचं. पहिल्यांदा जुन्या लुगड्याचा तुकडा गेला, मग काकांचा स्वतःचा पंचा, मग सुनेची ओढणी. ओढणीच्या प्रकरणात घरात दोन दिवस अबोला होता. गाडी मात्र तुकुमपर्यंत गेली आणि परत आली, हेही काका सांगतात.

मागच्या बाकड्यांना आलापल्लीचं सागवान लावलंय. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झालं, तेव्हापासून काका त्या बाकड्यांवर बसणाऱ्यांना चपला काढायला लावतात. एकाच रानातलं लाकूड आहे म्हणे. हिशेब केला तर जीपपेक्षा बाकडी महाग पडली असतील, पण हिशेब करायची काकूंना मनाई आहे.

तर या जातीचा मेळावा हिवाळ्यातच भरतो, उन्हाळ्यात भरला तर तो चालत येणाऱ्यांचा मेळावा होईल. जानेवारीतला रविवार, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाचं पटांगण, लग्नाची तारीख नाही म्हणून सवलतीत मिळालेलं. आमंत्रण ‘सहकुटुंब’ असतं. लोकांना वाटतं हा जिव्हाळा. जिव्हाळा कसला, कुटुंबाशिवाय यांच्या गाड्या पोचणारच नाहीत.

काकांची स्वारी निघाली ती अशी. पुढं जीप, त्यात काका आणि सात वर्षांचा नातू. मागं मुलाची नवी गाडी, जिचे हप्ते अजून चालू आहेत. तिच्यात काकू, सून, सांबारवडीचा डबा, दोन पाण्याच्या कॅन, गाडी ओढायचा दोर आणि शेजारी म्हणून मी. माझं नाव यादीत ‘धक्का’ या सदरात होतं. मुलाची गाडी सुरू होताना आवाज करत नाही, म्हणून काका तिला गाडी मानत नाहीत. तरी प्रत्येक मेळाव्याहून घरी येताना त्यांची जीप तिच्याच मागं बांधलेली असते.

सकाळच्या थंडीत जीप सेल्फनं उठली नाही. हँडल काढलं. हँडल मारायची एक रीत आहे आणि काका ती प्रत्येक वेळी पूर्ण समजावून सांगतात. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिननं उलटा हिसका दिला तर अंगठा मोडतो. हँडल खालून वर खेचायचं, वरून खाली दाबायचं नाही. हे सांगून झाल्यावर हँडल ते मुलाच्या हाती देतात. मुलगा थर्मलला इंजिनिअर आहे. त्याच्या पॉवर हाऊसची वीज कुठल्याकुठं जाते, आणि हा दर रविवारी अंगणात वाकून एक जीप पेटवतो. चौथ्या खेचेला ती पेटली. काकूंनी हात जोडले, तो नमस्कार जीपला होता की महाकालीला, ते कळलं नाही.

पटांगणात नेहमीची मंडळी होती. जावा-येझदीवाले एका कोपऱ्यात, धुरात. विजय सुपरवाला एकटाच, कारण त्याच्या स्कूटरनं कुणाशी जमवून घेतलं नाही. एका निवृत्त मास्तरांची पद्मिनी, जिचा गेअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मास्तर बघणाऱ्या प्रत्येकाला पहिला, दुसरा, तिसरा टाकून दाखवत होते. मोहर्लीकडून जिप्सीवाली दोन पोरंही आली होती. मारुतीनं जिप्सी बंद केली, आता आमचीही गाडी तुमच्यात धरा, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ‘आधी मिसरूड फुटू द्या’ म्हणाले.

मुंबई-पुण्याच्या रॅलीत म्हणे परीक्षक वाकून स्क्रू तपासतात, रंग मूळचा आहे का विचारतात. आमच्याकडे स्क्रूला कोण विचारतो? आमच्याकडे पहिला प्रश्न एकच : ‘कोणाची होती?’ आणि इथं आमचे काका उमलतात.

“बर्म्याच्या लढाईतली हाय,” काका सांगत होते. भोवती पंधरा-वीस माणसं. “कोहिमाले होती. तिथून कलकत्ता, कलकत्त्याहून नागपूर, नागपूरहून चांदा. मंग एका राजानं हिच्यातून वाघ मारला.”

“कोणत्या राजानं?”

“नाव नाही घेत. घरचे लोक अजून हयात हायेत.”

गर्दीत एक म्हातारे मिस्त्री खर्रा घोटत उभे होते. उभी हयात जिपांखाली उताणे पडून काढलेली. त्यांनी खर्रा घोटायचा थांबवला नाही, नुसती मान तिरपी केली.

“काका, बोनेट पाहा ना. लढाईवाल्या जीपचं बोनेट इतकं उंच नसते. हिच्या इंजिनचे वॉल्व्ह वर गेले, म्हणून बोनेट उचलावं लागलं. ही त्रेपन्ननंतरचीच.”

“बोनेट बदललं असंल कोणी,” काका म्हणाले.

“जाळी पण बदलली का? लढाईवालीच्या जाळीत नऊ फटी असतात.”

नातवाला नुकतंच मोजायचं वेड लागलेलं. त्यानं जाळीवर बोट ठेवून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. काका ‘अरे, राहू दे बावा’ म्हणेपर्यंत तो चारवर आला होता. लोकही त्याच्याबरोबर मोजायला लागले. “सात!” नातू ओरडला आणि टाळ्या पडल्या. त्याला वाटलं आजोबा जिंकले.

काकांची खरी बुद्धी इथं दिसते. दुसरा असता तर ताडपत्री ओढून घरी गेला असता. काकांनी नुसती लढाई बदलली. “मंग चीनच्या लढाईतली असंल. बासष्टच्या. बर्म्याकडूनच गेली असंल थोडी.”

मिस्त्रींनी खर्रा तोंडात टाकला. “आरसी बुक पाहू.”

आरसी बुक काकूंच्या पर्समध्ये होतं, कारण काकांकडे ठेवलेले कागद जीपमध्ये जातात आणि जीपमधले कागद तेलात. पुस्तकावर नोंदणीचं साल १९७२. तीन अक्षरं आणि चार आकडे असा जुना नंबर. काका थोडा वेळ आकाशाकडे बघत राहिले. एकाहत्तरची लढाई डिसेंबरात संपली होती.

“ऑर्डर लढाईचीच होती,” काका म्हणाले, “पोचायले उशीर झाला.”

तेवढ्यात वनखात्यातून निवृत्त झालेले एक गार्ड पुढं आले. त्यांचा प्रश्न सरळ होता : बहात्तरला वन्यजीव संरक्षण कायदा आला, मग राजानं वाघ मारला कधी? काकांनी नोंदणीची तारीख उघडून दाखवली, मार्च. कायदा सप्टेंबरातला. मधले सहा महिने राजाला मोकळे होते. गार्ड म्हणाले, वाघाच्या शिकारीवर त्याच्या आधी, सत्तरलाच बंदी आली होती. काकांनी विचार केला.

“मंग डुक्कर असंल,” ते म्हणाले. “अंधारात मोठं दिसते.”

साल कळलं त्याचा एक फायदाही झाला. २०२१ पासून केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या, मूळ सांगाडा शाबूत असलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी द्यायला सुरुवात केली आहे; नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. मुलानं मोबाईलवर नियम वाचून दाखवले. नवी नोंदणी वीस हजार रुपये. काकूंचा हात पर्सवर घट्ट झाला. पुढं वाचलं तर अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. हे ऐकून काकू एकदम म्हणाल्या, “वीस हजार द्या. आजच द्या.”

पेट्रोलचा विषय निघाला आणि गडचिरोलीहून आलेल्या जीपवाल्यानं डोक्याला हात लावला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या पंपातलं रबर त्यानं फुगतं, गळतं. त्याचं दुःख वेगळंच होतं. “आमच्या जिल्ह्यात ब्याण्णव-त्र्याण्णवपासून दारूबंदी. माणसाले थेंब मिळत नाही म्हणतात, अन् माह्या गाडीले टाकीभर पाजून राहिले. सकाळी उठत नाही ते बराबरच हाय.” चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, त्यामुळे चंद्रपूरवाल्यांनी त्याच्याकडे वडीलधाऱ्या सहानुभूतीनं पाहिलं.

इकडे बायकांचा मेळावा वेगळाच भरला होता, झाडाखाली सतरंजीवर. तिथं गाड्यांबद्दल एकही शब्द नव्हता आणि सगळं गाड्यांबद्दलच होतं. पद्मिनीवाल्या मास्तरांच्या घरचा फ्रिज बारा वर्षं जुना. येझदीवाल्याच्या बायकोला माहेरी जायचं तर एसटी. काकूंनी सांबारवडी वाटता वाटता ओढणीचं प्रकरण सांगितलं, तेव्हा सून आधी हसली नाही, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. अबोल्याचं उरलंसुरलं तिथंच संपलं. मला हे ऐकू आलं, कारण मी वड्यांच्या अंतरात होतो.

दुपारी बक्षिसं. ‘सर्वांत जुनं वाहन’ या बक्षिसावर काकांचा डोळा होता. लढाई गेली, वाघ गेला, तरी १९७२ कमी नव्हतं. पद्मिनी एकोणऐंशीची, जिप्स्या तर कालच्या. पण फाटकातून घुंगरांचा आवाज आला. मूलकडचा एक शेतकरी दमणी घेऊन आला होता. आजोबांच्या काळातली, वरची झडप कोरीव, चाकांच्या धावा नव्यानं ठोकलेल्या, बैलांच्या शिंगांना रंग. शंकरपटावरची बंदी उठल्यापासून बैलांना पुन्हा मान आलाय, आणि ही दमणी तो लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्यानं देतो म्हणे. मंगल कार्यालयाच्या मालकाकडे भाड्याचं बोलायला आला आणि गर्दी बघून थांबला.

आयोजकांची पंचाईत झाली. काकांनी हरकत घेतली, “इंजिन कुठी हाय?”

शेतकऱ्यानं दोन्ही बैलांकडे बोट दाखवलं.

“मूळचं हाय का?” मिस्त्रींनी गंभीरपणे विचारलं.

“गाडी मूळची. इंजिन चौथं.”

बक्षीस दमणीला गेलं. स्टीलचा डबा होता. शेतकऱ्यानं त्यात तिथंच बैलांना पाणी पाजलं. काका तासभर कुणाशी बोलले नाहीत. मग मी पाहिलं तर ते दमणीच्या खाली उताणे शिरलेले, आसाच्या वंगणाचा बोटानं वास घेत. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत तीच जुनी चमक होती. शेतकऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी आवाज उतरवला आणि विचारलं, “ही कोणाची होती?”

काकूंनी ते लांबूनच ओळखलं. मुलगा जीपला दोर बांधत होता, कारण जीप, अर्थातच, उठत नव्हती. काकू डबा आवरून काकांपाशी आल्या, दमणी पुढून पाहिली, मागून पाहिली, एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

“घेऊन टाका,” त्या म्हणाल्या. “हे निदान आपल्या पायानं घरी तरी येतीन.”