जुनेपणाचा वेगळा दर

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने 1951 साली प्रिसिजन बास काढली. 1965 मध्ये ती सीबीएस या प्रसारण कंपनीने घेतली आणि त्याआधीची प्रत्येक बास गिटार शौकिनांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली. ती परवडत नसेल, तर त्याच बांधणीची नवी मिळते. वर हवे असल्यास कारखान्यातच रंग खरवडून, स्क्रू गंजवून देतात. खरवडणावळ अर्थातच वेगळी.

निमगाव सावाच्या जत्रेत नारायणगावचा तमाशाचा फड आला, की तुणतुणेवाला पाहावा. एक तार, एक खुंटी, खालून चामड्याने मढवलेले लाकडी नळकांडे. दांडीचा रंग रात्र-रात्र चालणाऱ्या वगांनी फुकटात उडवलेला. अमेरिकेत याचे डॉलर मोजले असते. इथे सुपारी चांगली मिळाली, की मालक हौसेने त्यावर लाल ऑइलपेंट मारून घेतो.