थंडोबा

प्रत्येक सोसायटीत एक असतो. तुमच्याही आहे. रात्री दीड वाजता ज्याच्या खिडकीत निळा उजेड दिसतो, ज्याच्या कॉम्प्युटरला एका बाजूचं झाकण कधीच नसतं, आणि ज्याच्यासमोर लिफ्टमध्ये "माझा लॅपटॉप जरा तापतो" एवढं वाक्य निसटलं की पुढचा रविवार हातचा गेला, तोच तो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्याला थंडोबा म्हणतात. खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर येतं.

थंडोबाला जगात एकच प्रश्न पडतो: "आयडलला किती, लोडवर किती?" यंत्र रिकामं बसलेलं असताना किती तापतं ते आयडल, कामाला जुंपल्यावर किती तापतं ते लोड. हे त्याने कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण त्याच्या खिशात सदैव इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि आकडा उमटतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यावर तो ठिपका पडलेला मी पाहिलाय. "एकसष्ट. वाढायला हरकत नाही," असा निर्णयही ऐकलाय, तोसुद्धा गुरुजींच्या आधी. चकचकीत स्टीलवर मात्र हे यंत्र खोटं बोलतं. गुळगुळीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, उलट आजूबाजूची परतवतो. म्हणून त्याच्या घरातल्या चहाच्या किटलीला बाहेरून इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावलेली आहे. पाहुण्यांना वहिनी सांगतात, किटली गळते.

माझ्या मामेबहिणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, मितभाषी, नोकरी उत्तम. सगळे खूश. थंडोबा आमच्याकडे साखर परत द्यायला आला होता, त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, "आयडलला छान आहे. लोडवर बघितलाय का?" मामीने हसण्यावारी नेलं, पण रात्रभर तिला झोप नाही. शेवटी मुलाला साड्यांच्या खरेदीला दादरला नेला. चौथ्या दुकानात विक्रेत्याशी त्याचं जे काही झालं, त्यानंतर ते स्थळ मोडलं. तेव्हापासून आमच्या मामीच्या घरी कुणालाही पसंत करण्याआधी लोडवर बघतात, आणि हे कुठून आलं ते तिच्या सुनांना ठाऊक नाही.

आता मूळ रोगाकडे येतो. ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र काढणारी ही पाटी कॉम्प्युटरमधली सगळ्यात तापट वस्तू. शहाणा माणूस त्यातल्या त्यात थंड कार्ड घेतो. थंडोबा सगळ्यात गरम शोधतो. २०१० साली आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स ४८० अडीचशे वॉटचं होतं आणि तापण्याबद्दल जगभर बदनाम होतं. त्याबद्दल तो अजूनही पहिल्या प्रेमाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणून बोलतो. मग २०१३ च्या ऑक्टोबरात एएमडीचं आर नाइन २९० एक्स आलं. कंपनीने उघडच सांगितलं होतं, हे कार्ड ९५ अंशांवर चालतं आणि ते तसंच चालायला हवं. बाकीची गिऱ्हाइकं बिचकली. थंडोबाला ते वाक्य आमंत्रणपत्रिकेसारखं वाटलं. "अरे, थंड कार्ड घेऊन माणसाने करायचं काय?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, गेम खेळायचे. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

मूळचा पंखा काढून त्याजागी बाजारातला मोठा कूलर बसवायचा, हा बेत कार्ड घ्यायच्या आधीच ठरलेला होता. कूलर आर्क्टिकचा, अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम थ्री. तांब्याच्या पाच नळ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची गर्दी, ९२ मिलिमीटरचे तीन पंखे, लांबी २८८ मिलिमीटर. तो आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर तो रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तोंडात कुणाच्याच नाही. परतीला दादरला गाडी बदलताना तो खोका थंडोबाने डोक्यावर धरला होता. डब्यात एकाने विचारलं, "मूर्ती आहे का?" थंडोबा म्हणाला, "तसंच समजा." लोकांनी त्याला बसायला जागा दिली. मी उभाच.

आणि मग तो रविवार. आधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट केलं, कारण थंडीत आतली जुनी पेस्ट घट्ट बसते आणि ओढाताण केली तर चिपचा कोपरा उडतो. पाठीमागचे स्प्रिंगवाले चार स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे सैल केले. जुना कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळला. तो सुटला तेव्हा थंडोबाने श्वास सोडला. माझा कोंडलेला होता हे मला तेव्हाच कळलं. आत करडी, वाळलेली पेस्ट. पॅथॉलॉजी लॅबवाल्या मित्राकडून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉफी गाळायचा कागद, आणि गोलगोल पुसणं. खालून जी चिप निघाली ती आरशासारखी. साडेचारशे चौरस मिलिमीटरच्या आत सहा अब्जांवर ट्रान्झिस्टर. थंडोबाने तिच्यात वाकून स्वतःचा चेहरा पाहिला आणि केस नीट केले.

चिपच्या भोवती मेमरीच्या सोळा चकत्या. प्रत्येकीला अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा ठोकळा चिकटवायचा, दोन नळ्यांतला गोंद कालवून. हा गोंद एकदा धरला की धरला. ठोकळा तिरका बसला तर तो आयुष्यभर तिरका. वहिनींचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन तो एकेक ठोकळा ठेवत होता, आणि "हलू नकोस" असं मला सांगत होता. मी तीन फूट लांब होतो. वीज पुरवणाऱ्या भागातल्या बारक्या ठोकळ्यांवर त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला. "लोक चिपला वारा घालतात आणि इकडे दुर्लक्ष करतात. मरतं कार्ड ते इथूनच." हे मात्र खरं आहे. मी नंतर आणखी दोघातिघांकडून ऐकलं.

पेस्टच्या बाबतीत या जमातीत दोन पंथ आहेत. ठिपकावादी म्हणतात, मधोमध वाटाण्याएवढी ठेवा, दाबाने आपोआप पसरते. सारवणवादी म्हणतात, उघड्या चिपवर कोपरा कोरडा राहिला तर तिथेच जळते, तेव्हा पातळ थर सगळीकडे सारवा. थंडोबा कट्टर सारवणवादी. त्याचा एक जुना मित्र ठिपकावादी निघाला, तेव्हापासून त्यांचं बोलणं फक्त दिवाळीला, तेही फराळापुरतं. पेस्टचं काम केवढं? दोन पृष्ठभागांमधल्या केसाएवढ्या फटींतली हवा हाकलायची, बस. दोन मित्रांमधली हवा मात्र जास्तच झाली.

संध्याकाळी कार्ड परत बसवलं. तीन खाचांची जागा खाणारं ते धूड एका टोकाला झुकायला लागलं. थंडोबाने खाली टेकू दिला: कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि वर लाल राणी, उंची अचूक जुळावी म्हणून. कॅरम सोसायटीच्या क्लबहाउसचा होता. पुढची कित्येक वर्षं आमच्या स्पर्धा राणीविना झाल्या.

मग परीक्षा. शेजारची पोरं गेम बघायला जमली होती. पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरायला लागलं. कार्डाला मुद्दाम घाम फोडण्यासाठी बनवलेला तो प्रोग्राम, फरमार्क. पोरांनी पाच मिनिटं वाट पाहिली. "काका, गेम कधी सुरू होणार?" थंडोबा म्हणाला, "हाच." आणि आलेखाकडे बघत राहिला. ९५ चे ७१ झाले होते. पूर्वीची घरघरही गेली, पंखे फिरतायत हे सांगावं लागत होतं. त्याने थर्मामीटर खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मुलगी बारावीला पहिल्या वर्गात आली तेव्हाही तो एवढा कासावीस झाला नव्हता.

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, ती मी सांगतो. उष्णता काही नाहीशी होत नाही. जुना पंखा गरम हवा निदान मागच्या फटीतून खोक्याबाहेर तरी ढकलायचा. हे तीन पंखे ती तिथल्या तिथे खोक्यात सोडतात, आणि झाकण उघडं असल्यामुळे ती सरळ खोलीत येते. अडीचशे-तीनशे वॉट म्हणजे तीन धडधाकट पाहुणे कायमचे मुक्कामाला. चिप चोवीस अंशांनी निवली आणि मे महिन्यात वहिनी गॅलरीत झोपायला लागल्या. अर्थात आपण सगळेच एसी लावून आपली गरमी शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडतो, त्याचा आलेख कुणी काढत नाही इतकंच.

२०२० हे त्याच्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष. जगातल्या प्रत्येक फाटकावर माणसं कपाळावर थर्मामीटर रोखून उभी, आणि थंडोबाकडे तो आधीपासून! कमिटीने त्याला मास्क, खुर्ची आणि रजिस्टर दिलं. पहिल्याच सकाळी दूधवाल्याला म्हणाला, "चौतीस पॉइंट आठ. पण हे आयडलला. आता दोन मजले चढून ये, लोडवर बघू." तिसऱ्या दिवशी कमिटीने खुर्ची काढून घेतली.

मला वाटायचं, या माणसाला माणसांचं काही नाही. तसं मी हिला बोलूनही दाखवायचो. मग माझ्या वडिलांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसलेले, प्रत्येक जण येऊन "सगळं ठीक होईल" म्हणून जात होता. थंडोबा आला, एक शब्द बोलला नाही, आणि खिशातून ते काढलं. मला वाटलं, आता याला बाहेर काढावं. त्याने छतातल्या एसीच्या तोंडावर ठिपका टाकला, मग आईच्या पायांवर. "काकू, तुम्ही बरोबर सोळा अंशांच्या खाली बसलाय." सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालून त्याने तो लोखंडी बाक, त्यावरच्या दोन परक्या बायकांसकट, भिंतीकडे सरकवला आणि स्वतःचं जाकीट आईच्या पायांवर टाकलं. आई, जी त्याला इतकी वर्षं उडाणटप्पू म्हणत आली, ती तिथे बसल्या-बसल्या झोपली. सर्जन बाहेर आले तेव्हा आमच्यापैकी कुणालाच तोंड उघडेना. थंडोबानेच विचारलं, "डॉक्टर, आता आयडलला आहेत ना?" दमलेल्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. आयडलला आहेत." आईने त्यानंतर त्याला उडाणटप्पू म्हणणं सोडलं नाही, पण आता डबा भरून देताना म्हणते.

अलीकडे त्याचे दिवस बरे नव्हते. कार्डं कारखान्यातूनच थंड यायला लागली. २०२२ चं आरटीएक्स ४०९० साडेचारशे वॉटचं, पण त्याच्यावरचा कूलरच विटेएवढा जाड. त्याच्या आधी २०२१ मध्ये तर असूसने नॉक्टुआचे तपकिरी पंखे स्वतःच बसवून कार्ड विकायला काढलं. म्हणजे जो प्रकार करायला थंडोबा वॉरंटी उडवायचा, तो आता वॉरंटीसकट मिळायला लागला. माझ्या भाच्याने असलं एक नवं कार्ड आणलं तेव्हा थंडोबाला बोलावलं, मान ठेवावा म्हणून. तो स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन आला. भाचा म्हणाला, "काका, उघडू नका प्लीज." मग नुसतंच लोडवर चालवलं. चौसष्ट. थंडोबाने आलेख वरखाली करून पाहिला. काढायला काही खोटच नव्हती. "चांगलं आहे," तो म्हणाला. हिने चहा आणून ठेवला. त्याने तो मोजल्याशिवाय प्यायला.

मला ते बघवलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची खाणकामं बंद पडली होती, आणि त्या कामात रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली होती. परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. त्याने एक आरटीएक्स ३०९० उचललं होतं, पडेल किमतीला. मेमरीच्या चोवीस चकत्या, त्यातल्या बारा पाटीच्या पाठीमागे, जिकडे पंखाच पोचत नाही. मधले रबरासारखे पॅड पार सुकून तेल सुटलेले.

"अरे, एकशे दहा!" त्याचा आवाज चिरकत होता. "मेमरी एकशे दहावर जाते, आणि मग कार्ड स्वतःच घाबरून हळू चालतं! एकशे दहा!"

"आयडलला?" मी विचारलं.

"आयडलला कोण बघतंय? तू वर ये. आणि क्लबहाउसची चावी तुझ्याकडे आहे ना? नवीन कॅरम आणलाय म्हणे कमिटीने. राणी घेऊन ये."